मॉर्गन, रॉकफेलर यांच्यासारखे खरे उद्योगपती गुप्त संघटनेच्या कादंबरीत कसे आणावेत?

आधी त्या माणसाची तारीखवार नोंद करा: कोणत्या महिन्यात कुठे होता, काय विकत घेतलं, कधी वारला. कल्पना फक्त मोकळ्या जागांत घाला. नोव्हेंबर 1910 मधली अमेरिकेतल्या जेकिल बेटावरची बैठक तर आयतीच मिळते. सिनेटर ऑल्ड्रिच आणि काही बँकर बदकांच्या शिकारीच्या नावाखाली तिथे गेले, एकमेकांना फक्त पहिल्या नावाने हाक मारत राहिले आणि मध्यवर्ती बँकेचा आराखडा करून परतले. यात शपथविधी, मशाली कशाला घुसडायच्या?

चुका होतात त्या तारखांत. मॉर्गन स्वतः त्या बैठकीत नव्हता. 31 मार्च 1913 ला तो रोममध्ये वारला. फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, कायदा त्याच वर्षीच्या डिसेंबरमधला. त्यामुळे कायद्याच्या विजयोत्सवात त्याला बसवलंत की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. रॉकफेलरची तेल कंपनी स्टँडर्ड ऑइल 1911 मध्ये न्यायालयाने 34 कंपन्यांत फोडली. तुमची संघटना सर्वशक्तिमान असेल, तर हे घडलंच कसं, याचं उत्तर कथेत हवं. खरं कथानक बहुधा तिथेच सापडतं.

रॉथशिल्ड या युरोपातल्या ज्यू बँकर घराण्याला जगाचे सूत्रधार करू नका. तो जुना ज्यूद्वेषी अपप्रचार आहे, आणि कथा म्हणूनही शिळा.