मनू, आबांच्या पाया का पडले

मनू,

दसऱ्याहून जर्मनीला परतताना विमानात तू विचारलंस, "आबा आपल्याकडच्या त्या बाहेरच्यांना विरोध करणाऱ्या पक्षासारखे, एएफडीवाल्यांसारखेच ना? मग तू त्यांच्या पाया का पडलीस?" मी म्हटलं, झोप आता. झोप माझीच उडाली.

"आबा तसे नाहीत" असं वर लिहून खोडलंय.

आबा पक्के काँग्रेसवाले. बैलजोडी, गायवासरू, पंजा, चिन्हं बदलली, पण त्यांचा शिक्का हलला नाही. १९७७ मध्ये खुद्द इंदिरा गांधी हरल्या, तरी नागपूरने काँग्रेसच निवडली, हे ते पाहुण्यांनाही ऐकवत. पंजावर दोनदा निवडून गेलेले बनवारीलाल पुरोहित १९९६ ला कमळावर जिंकले, तेव्हा आबा दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. आणि २०१४ ला फोनवर सहज म्हणाले, "या वेळी कमळ. गडकरी आपल्या महालातला माणूस." काहून, ते मी विचारलंच नाही. वडिलांना असलं विचारायची आमच्याकडे रीत नव्हती. की मला उत्तर नको होतं?

माझ्या लहानपणी दसऱ्याला समोरचे काका संचलनाहून खाकी हाफपँटीतच परतायचे. वर्षभर पेपरवरून त्यांच्याशी भांडणारे आबा सगळ्यात आधी त्यांच्याकडे जात. शर्टाच्या खिशात आपट्याची पानं, घामाने एकमेकांना चिकटलेली. एकेक सोडवून हातावर ठेवायची, गळाभेट, आम्हा पोट्ट्यांना चिवडा. मग मागच्या गल्लीत, दीक्षाभूमीवरून आलेल्या मास्तरांकडे. तिथेही सोनं, तिथेही गळाभेट. पण त्यांच्या घरचं पाणी आजी प्यायची नाही. मास्तरीणबाई पेला पुढे करायच्या अन् आजी म्हणायची, "आत्ताच पिऊन निघाले." हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे फेब्रुवारी २०२५ ला एएफडीला २०.८ टक्के मतं पडली, तेव्हा तू विचारलं होतंस, आपल्याला परत पाठवतील का? इथे बाहेरचे म्हणजे आपण. तिकडे आबांच्या तोंडी हल्ली "ते लोक" येतं, तेव्हा मी पटकन विचारते, ऊन फार आहे का हो? चिडत नाही. पेला परत करायला मीही आजीकडूनच शिकले बहुतेक.

पाया पडले ते आबांच्या, त्यांच्या मताच्या नाही, असं मला वाटतं. तुला पटेलच असं नाही. पुढच्या दसऱ्याला नाही पडलीस तरी चालेल, सोनं मात्र दे. आणि "काहून" तूच विचार. नातीवर ते रागावत नाहीत.

आई