खारी, आंबवलेली पेस्ट: मासळी समजू नका, मीठ समजा

प्रश्न: थाई करीसाठी वाशीतून कोळंबीची आंबवलेली पेस्ट आणली आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. खाऊ का?

खा, पण मिठाऐवजी. डबीवर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणा म्हणजे मीठ कळेल. १०० ग्रॅममध्ये ८,००० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ २० ग्रॅम झाले. अशा पेस्टच्या एका सपाट चमच्यात (५ ग्रॅम) १ ग्रॅम मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावे, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण सगळे आले. डॉक्टरांनी याहून कमी सांगितले असेल, तर तेच पाळा.

चौघांच्या करीला दोन सपाट चमचे पुरतात. पेस्ट आधी तव्यावर मंद आचेवर परता. करपली की कडू होते. फिश सॉस आणि वरचे मीठ दोन्ही वगळा. हात सवयीने मिठाच्या डब्याकडे जातो आणि तिथेच करी खारट होते. लिंबू पिळल्यावरच चव बघा, आंबटपणामुळे मीठ कमी असल्याचे जाणवत नाही.

प्रश्न: ऐरोलीत आम्ही जवळ्याची चटणी खातो. पेस्ट जास्त पौष्टिक का?

नाही. आग्नेय आशियात ही पेस्ट बहुतेक जवळ्यासारख्याच बारीक कोळंबीची करतात. पण जवळा बिनमिठाचा वाळवलेला असला तर वाटीभर खाता येतो, त्यातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते. चमचाभर पेस्टमधून मिळणार किती? रोजच्या जेवणात आपला जवळाच ठेवा. रेती चाळून, झटपट धुऊन, कोरडा भाजून घ्या. खारा बांगडा मात्र वेगळा: शिजवण्याआधी अर्धा तास भिजवा आणि पाणी दोनदा बदला.

प्रश्न: नीट शिजवूनही पेस्ट खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोके दुखते. (घोडबंदर रोड)

आंबवताना हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो, त्याने असा त्रास होऊ शकतो. तो उष्णतेने नष्ट होत नाही, त्यामुळे कितीही उकळले तरी उपयोग नाही. कोळंबीची ॲलर्जीही शिजवून टळत नाही. पेस्ट बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर तडक रुग्णालय गाठा. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक किंवा एमएओआय गटातली नैराश्याची औषधे चालू असतील, तर पेस्ट खाऊच नका. तिच्यातल्या टायरामिन या पदार्थाने अशा औषधांसोबत रक्तदाब एकदम चढू शकतो.

प्रश्न: मीठ कमी घालून घरी आंबवली तर?

नको. घातक जिवाणूंना मीठच रोखते. कमी खारट हवी असेल, तर विकतचीच पेस्ट निम्मी वापरा. काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, चमचा कोरडा हवा. वर आलेले पांढरे, कडक खडे मिठाचे असतात. लव असलेली बुरशी दिसली, तर वरचा थर खरवडू नका, पूर्ण बरणी टाकून द्या.