लॉबिंगमुळे तंत्रज्ञानविषयक कायदे नेमके कुठे बदलतात?

मतदानाच्या दिवशी फारसं काही होत नाही. खरी कापाकापी मसुद्यात होते, आणि तीही व्याख्यांच्या कलमात. ‘वैयक्तिक माहिती’त आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा उपकरणाचा पत्ता) धरायचा का, किती वापरकर्त्यांच्या पुढे कंपनी ‘मोठी’ मानायची, अशा दोन-तीन ओळींवर अख्ख्या कायद्याची धार ठरते. लॉबिंग करणारे नुसतं निवेदन देत नाहीत, दुरुस्तीचा तयार मजकूरच हातात ठेवतात. २०१३ मध्ये युरोपियन संसदेत जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या मसुद्यावर आलेल्या काही दुरुस्त्या कंपन्यांच्या कागदांशी शब्दशः जुळल्या होत्या. खासदारांकडे तांत्रिक जाणकार कमी असतात, म्हणून हे खपतं. लाचेची गरजही पडत नाही.

कायदा झाला की नियम, तांत्रिक मानकं आणि अंमलबजावणीच्या मुदती यांवर दुसरी फेरी. तिकडे बातमीदार फिरकत नाहीत, म्हणून माझ्या मते तीच जास्त निर्णायक.

पैसा दरवेळी जिंकतोच असं नाही. अमेरिकेतल्या ऑनलाइन पायरसीविरोधी ‘सोपा’ विधेयकामागे चित्रपट आणि संगीत उद्योग होता. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया निषेध म्हणून दिवसभर बंद राहिला आणि विधेयक बारगळलं. (विरोधकांत गूगलही होती, हे विसरू नका.)

स्वतः तपासायचं तर अमेरिकेत लॉबिंगचे तिमाही अहवाल आणि युरोपात ट्रान्सपरन्सी रजिस्टर (लॉबिंग करणाऱ्यांची नोंदवही) खुलं आहे. अमेरिकी अहवालात विधेयकाचं नाव आणि एकूण खर्च मिळतो. कोणत्या विधेयकावर किती, कोणतं वाक्य मागितलं, हे मिळत नाही. त्यासाठी लागोपाठचे मसुदे शेजारी ठेवून व्याख्या ताडून पाहा. उद्योग संघटनांचे अहवाल वेगळे असतात, तेही काढा.