आजोबांचा फड आणि अमेरिकेतलं पुस्तक

प्रश्न : मी साक्री तालुक्यातली, पांझरेकाठच्या गावची. टीवायबीएला आहे, विषय मानसशास्त्र. समाज मानसशास्त्राच्या पुस्तकातले बहुतेक प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर केलेले आहेत. मला गावविकासाच्या कामात जायचंय. माझे आजोबा फडावर, म्हणजे नदीच्या बंधाऱ्याचं पाणी मिळून वापरणाऱ्या सामाईक शेतपट्ट्यावर, पाटकरी (पाणी वाटणारे) होते. ते विचारतात, ‘हे शिकून गावाला काय उपयोग?’ मी एमए करू, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू, की हा विषयच सोडू?

उत्तर : विषय सोडू नकोस. आजोबांचा प्रश्नही सोडू नकोस, कारण या विषयातल्या मोठ्या भारतीय अभ्यासकांनी तोच प्रश्न विचारला आहे.

सॉलोमन ॲशचा रेषांचा प्रयोग तू शिकली असशील. आजूबाजूचे सगळे चुकीचं उत्तर देतात आणि डोळ्यांना बरोबर दिसत असूनही माणूस अनेकदा त्यांच्या मागे जातो. आता आजोबांचा फड बघ. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. ऊस तर ऊस, गहू तर गहू. पुस्तक घेऊन बांधावर उभा राहिलेला बाहेरचा माणूस वहीत लिहील, ‘समूहाचा दबाव’. पण पीक एक असलं की पाण्याची गरज एकाच वेळी लागते, पाळी बसवता येते. पाणी कमी पडलं की एखादा फड पडीक ठेवायचा, आणि प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे तोटाही सगळ्यांत वाटला जातो. याला दबाव म्हणायचं की शहाणपण? हा प्रश्न तुला पडू शकतो, कारण तू फडावरच्या घरातली आहेस.

डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या काकीनाड्यात छोट्या उद्योजकांना ‘सिद्धिप्रेरणे’चं प्रशिक्षण दिलं. एकेका माणसाच्या मनात पुढे जाण्याची जिद्द पेरली की प्रगती होईल, असा त्यामागचा विचार होता. जे. बी. पी. सिन्हा या भारतीय मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगातूनच त्याला उत्तर दिलं. साधनं मुबलक नसतील तेव्हा सहकार्याची प्रेरणा असलेले गट जास्त मिळवतात, असं त्यांना आढळलं. एकट्याने पुढे जाण्याची ओढ असलेले लोक साधनं अडवून बसतात. पांझरेचं पाणी तरी कुठे मुबलक आहे? सिन्हांनी पद्धत पाश्चात्त्यांचीच वापरली, प्रश्न मात्र इथला घेतला. तू हेच करावंस असं मला मनापासून वाटतं.

आणि ज्ञान नेहमी तिकडूनच इकडे येतं असंही नाही. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर, धक्का बसला पण नुकसान झालं नाही अशा भागातही आणखी मोठ्या संकटांच्या अफवा पसरल्या. जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने त्या नोंदवल्या. मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या नाहीत की माणूस अस्वस्थ होतो आणि त्या जुळवून घेऊ पाहतो, हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरचा १९५७ चा प्रसिद्ध सिद्धान्त (कॉग्निटिव्ह डिसोनन्स) या नोंदींवर विचार करता करता आकाराला आला.

गावविकासातही नुसती बाहेरून आलेली कल्पना पुरत नाही. उत्तर प्रदेशातला १९४८ चा इटावा ग्रामविकास प्रकल्प अल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकाराच्या कल्पनेतून उभा राहिला. २ ऑक्टोबर १९५२ ला देशभर सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्याला फोर्ड फाउंडेशनचंही पाठबळ होतं. पाचच वर्षांत या कामाचा आढावा घेणाऱ्या बलवंतराय मेहता समितीला म्हणावं लागलं की यात लोकांचा पुढाकारच आलेला नाही. याउलट तुझ्याच तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखायचे नियम आणि दंड स्वतः ठरवले.

तरुणपणी मी खेड्यांत प्रश्नावल्या भरून घ्यायचो. ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच खाने. एका बाईने आधी सासूकडे बघितलं आणि मग मला म्हणाली, ‘तुम्हीच लिखी ल्या, भाऊ.’ तिचं मत त्या पाच खान्यांत नव्हतंच. ते मला चुलीपाशी बसल्यावर, तासाभराने कळलं.

म्हणून तुला आधी एमएसडब्ल्यू सांगेन, त्यातही ग्रामीण आणि समुदाय विकास. तिथे क्षेत्रकार्य अभ्यासक्रमाचाच भाग असतं. अमळनेर, चोपडा इथे समाजकार्याची महाविद्यालयं आहेत, आणि जरा लांब जायची तयारी असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र. ती संस्थाही १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने सुरू झाली, पण आज तुळजापुरात शिकणारी मुलं मराठवाड्यातल्या गावांत उतरतात. शिकवण्यात किंवा संशोधनात रस असेल, तर एमए आणि नेट हा रस्ता धर. नोकरीचं स्पष्ट सांगतो. ‘उमेद’सारखी (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) अभियानं आणि स्वयंसेवी संस्थांमध्ये कामं मिळतात, पण बहुतेक कंत्राटी. घरच्यांशी आधी बोलून घे.

मानसशास्त्राची वही मात्र फेकू नकोस. संख्याशास्त्र नीट शिक. आणि या दिवाळीच्या सुटीत आजोबांजवळ बस. जागल्या (फडाचा राखणदार) कसा निवडायचे, टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोहोचलं नाही तर भांडण कोण मिटवायचं, हे त्यांच्याच अहिराणीत लिहून घे. पाणीचोर सापडला तर दंड कोण ठरवायचं, हे सगळ्यात आधी विचार.