रासायनिक खत एकदम सोडू का, ड्रोन घेऊ का? – आलेल्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

या वेळच्या बहुतेक प्रश्नांमागे एकच घालमेल दिसते. नवे तंत्र रोज येते आहे, जमीन मात्र थकत चालली आहे. मग नव्याच्या मागे जावे की जुन्याकडे परतावे? माझे मत आधीच सांगून टाकतो. शेतातून वाया काय जाते आहे ते आधी शोधा. पाणी, नत्र (नायट्रोजन), माती, मित्रकीटक, यांपैकी कोणती गळती एखादे तंत्र थांबवते, हे सांगता आले तरच ते तुमच्या कामाचे. मग ते काल निघालेले असो वा आजोबांच्या काळचे.

प्रश्न : रासायनिक खतांनी जमीन कडक झाली आहे. पुढच्या हंगामापासून ती सगळी बंद करून पूर्ण सेंद्रियवर जायचे ठरवले आहे. बरोबर आहे ना?

दिशा बरोबर आहे, घाई नको. साधा हिशेब करू. पिकाला हेक्टरी १०० किलो नत्र लागते असे धरा. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे एका टनात ५ किलो. १०० किलोसाठी २० टन शेणखत झाले. पण त्यातले नत्र पहिल्याच हंगामात सगळे सुटत नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश पिकाला मिळते, बाकीचे पुढच्या पिकांना. इतके शेणखत तुमच्याकडे दरवर्षी आहे का? नसेल, तर युरिया बंद केल्याच्या पहिल्याच वर्षी पीक उपाशी राहील. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मागे घ्यावी लागली, तोवर भाताच्या हंगामाचे नुकसान होऊन गेले होते. सेंद्रिय शेती वाईट म्हणून हे घडले नाही. जमिनीची तयारी आणि पुरेसे सेंद्रिय खत हाती नसताना आधीचा आधार काढून घेतला गेला, म्हणून घडले.

आता कडकपणाबद्दल. तो बहुधा गोणीतून आलेला नसतो. काड-पाचट जाळणे किंवा सगळे उचलून नेणे, वाफसा येण्याआधी, म्हणजे माती फार ओली असतानाच, जड ट्रॅक्टर घालणे, दरवर्षी त्याच खोलीवर नांगरट करणे ही खरी कारणे. खत वर्षानुवर्षे फक्त गोणीतून दिले आणि सेंद्रिय पदार्थ काहीच परत केला नाही, म्हणून मातीचे कण बांधून ठेवणारे द्रव्य संपले. एक तपासणी मात्र आधी करा. सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल आणि मातीत सोडियम जास्त असेल, तर ती जमीन चोपण आहे. तिथे नुसत्या शेणखताने भागत नाही. निचरा सुधारून माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम द्यावे लागते.

सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतल्या सेंद्रिय पदार्थातला कार्बन, किती वेगाने वाढतो याबद्दल फार गैरसमज आहेत, म्हणून इथे थोडे थांबतो. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे २० लाख किलो भरतो. कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यावर न्यायचा, तर २,००० किलो कर्ब मातीत टिकून राहायला हवा. हेक्टरी ५ टन सुके काड परत केले की त्यातून साधारण तेवढाच कर्ब जमिनीत जातो. पण जिवाणू ते खातात आणि बहुतेक कर्ब हवेत परततो. दोन-तीन वर्षांनी त्यातला दहा ते वीस टक्के उरला तरी चांगले. म्हणजे एका दशांश टक्क्यासाठी पाच ते दहा वर्षे नेमाने काड परत करायचे, आणि त्या काळात जुना कर्ब जास्त नांगरटीने उडवायचा नाही. एका हंगामात कर्ब दुप्पट करून देतो असे कोणी सांगत असेल तर त्याला हा हिशेब दाखवा. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथे दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळणाऱ्या तुकड्याचा सेंद्रिय कर्ब खत न मिळणाऱ्या तुकड्याच्या दुपटीहून अधिक आहे, पण तिथवर पोहोचायला कित्येक दशके गेली.

काड परत करतानाही एक फसगत होते. गव्हाच्या काडात कर्ब आणि नत्राचे प्रमाण ८० ला १ च्या आसपास असते, जिवाणूंना लागते सुमारे २४ ला १. कमी पडलेले नत्र ते मातीतून उचलतात आणि नुकतेच उगवलेले पीक पिवळे पडते. शेतकऱ्याला वाटते काडाने पीक बिघडवले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा काडी लावली जाते. असे होऊ देऊ नका. काड बारीक करून पृष्ठभागावर पसरा, शक्य असेल तर पेरणीच्या महिनाभर आधी. पेरणीच्या वेळी नत्राचा पहिला हप्ता थोडा वाढवा, किंवा पाठोपाठ द्विदल (कडधान्यासारखे) पीक घ्या.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. सगळे शेत एकदम बदलू नका, एक तुकडा निवडा. त्यात ताग किंवा धैंचा हे हिरवळीचे पीक फुलोऱ्याच्या सुरुवातीला गाडा, फेरपालटीत द्विदल पीक आणा आणि रासायनिक नत्र पहिल्या वर्षी चौथ्या हिश्शाने कमी करा. उरलेला युरिया जमिनीवर फेकून ठेवू नका. उन्हात, त्यातही चुनखडीच्या जमिनीत, त्यातला बराच अमोनिया होऊन उडून जातो. मातीआड करा किंवा लगेच पाणी द्या, आणि हप्ते वाढवा. शेजारचा तुकडा जुन्या पद्धतीने ठेवा आणि दोन्हींचे उत्पादन वेगवेगळे मोजा. फरक पडला नाही, की पुढचा हिस्सा कमी करा.

प्रश्न : ठिबक केले, पाणी वाचले म्हणून आणखी क्षेत्र भिजवले. तरी विहीर पूर्वीपेक्षा लवकर तळाला जाते, आणि झाडांभोवती पांढरा थर दिसतो. ठिबक चुकीचे बसले का?

संच पाहिल्याशिवाय बसवणीबद्दल बोलत नाही, पण तुमच्याच वाक्यात निम्मे उत्तर आहे. मोकाट पाणी देताना जे पाणी मुळांखाली मुरत होते, त्यातले काही विहिरीकडेच परतत होते. ठिबकने ते मुरणे थांबवले आणि वाचलेले पाणी तुम्ही नव्या क्षेत्राला दिले. तिथल्या पिकाने ते पानांतून हवेत सोडले, म्हणजे ते कायमचे गेले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात शेतकऱ्यांनी जास्त कार्यक्षम तुषार यंत्रणा बसवल्या, तेव्हा भूजलाचा उपसा घटण्याऐवजी वाढल्याचे अभ्यासात आढळले. ठिबक उत्तम आहे, मी ते सोडा असे कधीच म्हणणार नाही. पण पाणी खरोखर वाचवायचे असेल तर क्षेत्र आहे तेवढेच ठेवायला हवे. मुख्य पाइपवर मीटर बसवा आणि दर आठवड्याचे आकडे वहीत लिहा. पंप किती तास चालला यावर जाऊ नका. फिल्टर तुंबला की तास तेच राहतात आणि पाणी घटते.

पांढरा थर म्हणजे क्षार. ड्रिपरभोवती ओलावा पसरतो तसे क्षार कडेला ढकलले जातात, पाणी उडते आणि ते तिथेच साचतात. कडेला आहेत तोवर मुळांना फारसा त्रास नसतो. धोका हलक्या पावसाचा. भुरभुर पाऊस आला की आपण ठिबक बंद करतो, आणि तेवढ्याशा पावसाने कडेचे क्षार विरघळून थेट मुळांत येतात. अशा वेळी ठिबक चालू ठेवा, म्हणजे क्षार बाहेरच्या बाजूला राहतील. मोठा पाऊस चांगला मुरला की मग बंद करा. विहिरीच्या पाण्याची क्षारता तपासून घ्या. आणि एकदा पाणी दिल्यावर काही तासांनी ड्रिपरशेजारी फावड्याने उभा छेद घ्या. ओल किती खोल आणि किती रुंद गेली हे डोळ्यांनी दिसेल. मुळे एक वीत खोल असताना ओल दोन हात खाली गेली असेल, तर पाणी आणि त्यातले विद्राव्य खत दोन्ही वाया चालले आहे.

प्रश्न : फवारणीसाठी ड्रोन घ्यावा का? औषध कमी लागते म्हणतात.

ड्रोनचा मोठा फायदा माणसाला आहे. पाठीवर पंप घेऊन औषधाच्या धुक्यातून चालावे लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. पाणीही हेक्टरी काहीशे लिटरऐवजी २०-३० लिटर पुरते. मात्र त्यामुळे द्रावण तीव्र आणि थेंब बारीक असतात, ते वाऱ्याने शेजारच्या पिकावर, मधमाश्यांवर, पाण्यावर जातात. वारा असताना उडवू नका, आणि लेबलवर ड्रोनने फवारणीची शिफारस आहे तेच औषध वापरा. फवारणी पोहोचते का हे बघायला पिवळे जलसंवेदी कागद मिळतात. ते पिकाच्या शेंड्याला, मधल्या पानांना आणि बुडाशी टाचून ठेवा. थेंब पडतो तिथे निळा ठिपका उमटतो. कीड बुडाशी आणि निळे ठिपके फक्त शेंड्याला असतील, तर ती फवारणी वाया गेली.

फवारायचे की नाही हे मात्र ड्रोन ठरवत नाही. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक फवारणी करूनही थांबेना, उलट वाढे. कारण औषधाने तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकीटक आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. त्याने भाताचे उत्पादन बुडाले नाही. म्हणून आधी शेतात तिरके चालत झाडे तपासा, किडीबरोबर मित्रकीटकही मोजा आणि आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे किडीचे नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होईल इतकी संख्या, ओलांडली असेल तरच फवारा. पुढच्या वेळी औषध बदलताना नाव बदलून भागत नाही. डब्यावरचा क्रियागट क्रमांक, म्हणजे औषध किडीवर कसे काम करते त्या गटाचा क्रमांक, वेगळा हवा.

स्वतः विकत घेण्यापेक्षा गटाने किंवा भाड्याने घेणे बहुतेकांना परवडेल. वर्षातले काही दिवसच काम असलेले यंत्र दारात उभे राहिले की ते चालवण्यासाठी फवारण्या वाढतात.

प्रश्न : ओलावा मोजणारे सेन्सर आणि मोबाइल ॲप घ्यावे का?

आकडा बघून तुमचा निर्णय बदलणार असेल तर घ्या. पाणी ठरलेल्या पाळीलाच मिळते, अशा ठिकाणी सेन्सरचा उपयोग थोडाच. भात असेल तर त्याहून साधा उपाय आहे. ३० सेंटिमीटर लांबीचा पाइप घ्या, खालच्या निम्म्या भागाला भोके पाडा आणि तो निम्मा भाग खाचरात गाडा; आतली माती काढून टाका. पाइपमधले पाणी जमिनीच्या १५ सेंटिमीटर खाली गेले की पुढचे पाणी द्या. फुलोऱ्याच्या आठवड्यात मात्र खाचर कोरडे पडू देऊ नका. यात पाणी वाचतेच, शिवाय सतत तुंबलेल्या खाचरातून निघणारा मिथेनही बराच कमी होतो.

प्रश्न : बियाण्याला जिवाणू संवर्धक (उपयुक्त जिवाणूंचे मिश्रण) लावले, फरक दिसला नाही.

क्रम चुकला असेल. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी संवर्धक लावायचे, सावलीत सुकवून लगेच पेरायचे. उन्हात वाळवले की जिवाणू मरतात. द्विदल पिकात फुलोऱ्याच्या सुमारास चार-पाच झाडे मुळांसकट खोदून काढा, उपटू नका, जिवाणू राहतात त्या मुळांवरच्या गाठी मातीत तुटून राहतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर जिवाणू नत्र बांधत आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर काम करत नाहीत. तसे असेल तर संवर्धकाच्या पाकिटावरची मुदत आणि मातीचा सामू बघा, आणि पेरताना नत्र जास्त दिले होते का ते आठवा. आयते नत्र मिळाले की झाड गाठी धरत नाही.

पुढचा प्रश्न पाठवताना मागची तीन पिके, मातीचा सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि पाणी कसे देता एवढे लिहा. माती परीक्षणाचा नमुना बांधाजवळचा, झाडाखालचा किंवा उकिरड्याजवळचा घेऊ नका. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्या, त्यांच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी माती खरवडा, एकत्र करून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा.