धावपळीच्या वर्षाच्या आठवणी सुट्टीच्या दहा दिवसांत कशा गोळा कराव्यात?

प्रश्न थोडक्यात असा: घरात पाच वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. आईवडील दोघेही नोकरी करतात. वर्ष कसं सरलं ते कळलं नाही आणि फोनमध्ये नऊएक हजार फोटो साचलेत. सणाच्या सुट्टीत वर्षाचा अल्बम करायचाय, पण सुट्टी त्यातच संपून जाऊ नये. सुरुवात कुठून करावी?

फोटोंपासून तर मुळीच करू नका. गॅलरी उघडून बसलात की पहिल्या रात्री कसेबसे फेब्रुवारीपर्यंत पोहोचाल, दुसऱ्या रात्री एकाच वाढदिवसाच्या चाळीस फोटोंमधला बरा कुठला यावर वाद होईल आणि तिसऱ्या रात्री कोणी फोन हातात घेणार नाही. शिवाय आपण फोटो काढतो ते वाढदिवसांचे, सहलींचे, पाहुणे आल्यावरचे. तापाची रात्र, सकाळी सापडत नसलेला एकच मोजा, आधार न घेता चढलेली पहिली पायरी यांचे फोटो कोणी काढत नाही, कारण तेव्हा हात रिकामे नसतात. फोटोंवरून वर्ष लिहिलं तर ते नुसतं समारंभांचं वर्ष होतं. तुमचं वर्ष तसं गेलेलं नाही.

म्हणून आधी बारा कागद घ्या, महिन्याला एक. वहीच्या पानाएवढे पुरेत. दोघांनी वेगवेगळं बसून, फोन न बघता, वीस मिनिटांत जे आठवेल ते लिहायचं. वेगवेगळं अशासाठी, की एकत्र बसलं की जो आधी बोलतो त्याचंच वर्ष कागदावर उतरतं. एकाच्या लेखी जो महिना ऑफिसच्या कामात बुडाला, तोच दुसऱ्याच्या लेखी बाळाच्या पहिल्या दाढेचा असतो. दोन्ही राहू द्या, जुळवत बसू नका.

काही महिने कोरे राहतीलच. ते भरायला पुरावे घरातच असतात: कॅलेंडरवरच्या खुणा, लसीकरणाचं कार्ड (त्यात तारखेसोबत बहुतेक वेळा वजनही असतं), डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, प्रवासाची तिकिटं, बँकेचे मेसेज, शाळेच्या सूचना. पण खरा खजिना म्हणजे घरच्या माणसांचा चॅट. त्यात मुलांची नावं टाकून शोधा, मग 'दात', 'ताप', 'म्हणाली', 'पडला' असे शब्द टाकून शोधा. रात्री अकरा वाजता आजीला घाईघाईत पाठवलेली दोन ओळींची बातमी तुम्ही आज बसून लिहाल त्यापेक्षा कितीतरी जिवंत असते. ती जशीच्या तशी उतरवा, चुकांसकट. दुकानातल्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या आणि तशीच तिकिटं मात्र अल्बममध्ये थेट चिकटवू नका. तो कागद उष्णतेवर छपाईचा असतो आणि काही महिन्यांत, वर्षांत अक्षरं उडून कोरा होतो. त्याचा फोटो काढा किंवा झेरॉक्स घ्या.

प्रत्येक कागदावरून शेवटी चारच गोष्टी निवडायच्या: एक मोठी, दोन साध्या आणि एक अवघड. अवघड गोष्ट गाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे, नाहीतर ती वही पुढे कोणाला खरी वाटत नाही. एक कसोटी लावा: मुलगी पंधरा वर्षांची झाल्यावर हे तिने चारचौघांत वाचलं तर तिला ओशाळवाणं वाटेल का? वाटणार असेल तर ते तुमच्या खासगी वहीत जाऊ द्या.

आता मुलांकडे वळू. पाच वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं भरपूर असतं, पण आपण प्रश्न चुकीचे विचारतो. "सहलीला मजा आली का?" "हो." संपलं. त्याऐवजी "आपण बसमधून उतरलो तेव्हा तुझ्या शेजारी कोण होतं?" असं विचारा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प बसा. हे गप्प बसणंच मोठ्यांना जमत नाही. रॉबिन फिव्हश आणि इलेन रीस या मानसशास्त्रज्ञांनी आईवडील मुलांशी जुन्या प्रसंगांबद्दल कसं बोलतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. जे आईवडील कोण, कुठे, काय, मग काय झालं असे मोकळे प्रश्न विचारतात आणि मुलाच्या उत्तरात आपली थोडी भर घालतात, त्यांची मुलं स्वतःचे प्रसंग जास्त तपशिलात सांगू लागतात. तेव्हा ही बैठक अल्बमची सोय तर आहेच, मुलांच्या स्मरणशक्तीचीही मशागत आहे. तिने सांगितलं की बस आकाशात गेली होती, तर "नाही गं, पुलावरून गेली" असं दुरुस्त करू नका. लिहा: बस आकाशात गेली. पूल तुम्हाला ठाऊक आहेच.

तिचं बोलणं रेकॉर्ड करा. फोन टेबलावर नुसता ठेवला तर प्रत्येक ठोका, प्रत्येक धक्का रेकॉर्ड होतो. खाली घडी घातलेला रुमाल ठेवा, पंखा बंद करा, फोन तिच्यापासून हातभर अंतरावर असू द्या. पाच मिनिटं पुष्कळ झाली. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी मुलाचं नाव, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. प्रश्न दरवर्षी तेच ठेवा: सगळ्यात जोरात कधी हसलीस, कशाची भीती वाटली, आता एकटीला काय जमतं, घरात कोण काय काम करतं, कुठली वस्तू कोणालाच देणार नाहीस. सात-आठ प्रश्न पुरतात. गंमत एका वर्षात नाही, तीन वर्षांची उत्तरं शेजारी ठेवल्यावर असते.

दीड वर्षाचा मुलगा यातलं काहीच सांगू शकणार नाही, आणि त्याला हे वर्ष आठवणारही नाही. मोठ्या माणसांच्या सगळ्यात जुन्या आठवणी साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या वयाच्या असतात. म्हणजे त्याच्यासाठी या वर्षाची आठवण तुम्ही लिहाल तेवढीच. त्याचे आजचे सगळे शब्द लिहून काढा, तो म्हणतो तसेच: 'गाडी'ला 'दाई', 'पाणी'ला 'मम', 'दादा' आणि 'दे' दोन्हीला 'दा'. या वयात शब्द भराभर बदलतात आणि चुकीचा उच्चार एकदा सुटला की घरातल्या कोणालाही तो नेमका आठवत नाही.

हाताचा ठसा घ्यायचा असेल तर हात कागदावर दाबायच्या नादात पडू नका, मूल मूठ वळतं आणि डाग उठतो. जाड पुठ्ठ्यावर कागद लावून तो कागद हाताकडे न्या. धुतला जाणारा, लहान मुलांसाठीचाच रंग स्पंजने पातळ लावा. जाड लागला की रेषा बुजतात आणि तळव्याचा नुसता गोळा उमटतो. आधी तळवा, मग एकेक बोट, आणि कागद सरळ मागे घ्यायचा, सरकवायचा नाही. वेळ झोपून उठल्यावरची, पोट भरलेलं असताना. दोन प्रयत्नांत नाही जमलं तर तो झोपल्यावर पेन्सिलने हाताची कड गिरवा. तेही छान दिसतं.

इतकं झालं की मग फोटो. नऊ हजार फोटो, प्रत्येकी एक सेकंद, म्हणजे १५० मिनिटं. पंचवीस मिनिटांच्या सहा बैठका, दर बैठकीला दोन महिने. या पहिल्या फेरीत फक्त आवडत्याची खूण करायची, काहीही खोडायचं नाही. सगळ्यांची गाडी इथेच अडकते: निवडता निवडता साफसफाई सुरू होते, प्रत्येक फोटोवर "ठेवू की काढू" असा निवाडा करावा लागतो आणि एका सेकंदाची दहा होतात. दुसऱ्या फेरीत खुणा केलेल्यांतून महिन्याला दहा, तिसऱ्या फेरीत पाच. वर्षाचे साठ. कमी वाटतात, पण साठ फोटोंचा अल्बम मूल मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बघतं, तीनशेंचा कोणी बघत नाही.

एकाच प्रसंगाचे अनेक फोटो असतील तर कॅमेऱ्याकडे बघून हसणारा न घेता, हात कशात तरी गुंतलेले असतील तो घ्या. साठ झाले की घरातलं कोण किती वेळा दिसतं ते मोजा. फोटो काढणारी व्यक्ती बहुधा तीन-चार फोटोंत सापडेल. तिच्यासाठी दुसऱ्याचा फोन आणि नातेवाइकांचे फोन धुंडाळा.

इथे दोन तांत्रिक खड्डे आहेत. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मूळ टिपल्याची तारीख राहत नाही, म्हणून जुलैतला फोटो डिसेंबरात मिळाला तर तो डिसेंबरातच जाऊन बसतो. महिन्याचे कागद आधी केले ते यासाठीही. दुसरं, तो फोटो दाबून लहान केलेला असतो. चार बाय सहा इंची छापील फोटोला इंचाला ३०० ठिपक्यांप्रमाणे १२०० गुणिले १८०० पिक्सेल लागतात, म्हणून पाठवणाऱ्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

छपाईत सगळ्यात जास्त डोकी कापली जातात, अगदी शब्दशः. बहुतेक फोनचा फोटो चारास तीन प्रमाणात असतो आणि चार बाय सहाचा कागद तीनास दोन. कागद पूर्ण भरायचा तर आडव्या फोटोची साधारण ११ टक्के उंची जाते, आणि ती वरून गेली तर उंच माणसाचं कपाळ गेलंच. छापायला देण्याआधी स्वतः कापून द्या किंवा कडेला पांढरी पट्टी ठेवायला सांगा. स्क्रीनवर उजळ दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो. फोनचा उजेड निम्मा करून बघा, तरी नीट दिसला तरच द्या. आधी तीन-चार फोटो नमुन्याला छापून घेणं केव्हाही बरं.

डिझाइन केलेलं फोटोबुक करावं का? दहाच दिवस असतील तर मी नको म्हणेन. पानं लावण्यातच सुट्टी जाते. करायचंच असेल तर कोणाचा चेहरा दोन पानांच्या मधल्या घडीत येऊ देऊ नका, मजकूर कडेपासून बोटभर आत ठेवा आणि मराठी ओळी अंतिम पीडीएफमध्ये वाचून बघा; काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. साधी, जाड पानांची वही आणि फोटोचे कोपरे हे माझ्या मते जास्त टिकाऊ. पारदर्शक पापुद्र्याखाली गोंद लावलेली पानं असतात ते अल्बम टाळा, काही वर्षांनी गोंद पिवळा पडतो आणि फोटो सुटत नाही. फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला उठाव येतो.

फोटोखाली "आनंदी क्षण" असं लिहायचं असेल तर न लिहिलेलं बरं. कोण, कुठे, कधी, आणि फोटोत न दिसणारी एक गोष्ट: "जुलै. बूट उलटे घातलेत आणि काढू देत नाही. मागे रडण्याचा आवाज आहे तो ताईचा, बूट तिचे होते." इतकं पुरे.

वेळापत्रक असं बसतं: पहिले दोन दिवस कागद, पुढे सहा रात्री मुलं झोपल्यावर पंचवीस-पंचवीस मिनिटं, शेवटच्या दोन दिवसांत उरलेल्या फेऱ्या आणि ओळी. छापून आलेले फोटो चिकटवणं सुट्टीनंतरच्या एखाद्या रविवारी. सणाचा दिवस मध्ये कुठेही आला तरी त्या दिवशी यातलं काहीच करू नका. त्या रात्रीची बैठक दुसऱ्या दिवशी घ्या. पाहुणे आले तर बारा कागद त्यांच्या हाती द्या, आजी-आजोबा हमखास दोन ओळी वाढवतात.

सणाच्या दिवसाचा एकच फोटो ठरवून काढायचा, सगळ्यांचा. दिवसाउजेडी, धाकटा झोपून उठल्यावर आणि जेवणाआधी; जेवणानंतर कपड्यांवर डाग आणि डोळ्यांत झोप असते. खिडकी सगळ्यांच्या समोर हवी, पाठीमागे नको. फोन मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, दहा सेकंदांचा टायमर. "हसा" म्हटलं की मुलं दात दाखवतात; त्याऐवजी मुलीला काहीतरी मोजायला सांगा. तीन मिनिटांत नाही जमला तर सोडून द्या, धाकट्याची पाठ आली तरी चालेल.

सगळं झाल्यावर साठ फोटो, रेकॉर्डिंग आणि महिन्याच्या कागदांचे फोटो यांच्या तीन प्रती करा: एक फोनमध्ये किंवा ऑनलाइन, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरी. उरलेल्या ८९४० फोटोंना एवढ्यात हात लावू नका. वही पुरी झाल्यावर पुढच्या सुट्टीत ते खोडायला घ्याल, तेव्हा बोट अजिबात अडखळणार नाही.