जुन्या बीटलचा स्पीडोमीटर काढायचा आहे. डॅशबोर्ड उघडावा लागेल का?

नाही, डॅशबोर्डला पुढून हातही लावू नका. 1960च्या दशकातल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये मीटरच्या मागच्या बाजूला पुढच्या डिकीतून जाता येतं. आतला पुठ्ठ्याचा पडदा हळू सोडवा. इतक्या वर्षांत तो ठिसूळ झालेला असतो.

पण त्याआधी बॅटरी. ती मागच्या सीटखाली असते. तिची निगेटिव्ह वायर काढा आणि टोकाला कापड गुंडाळा. नुसती चावी बंद करून भागत नाही, कारण इग्निशन आणि हेडलाइटच्या स्विचला चावी बंद असतानाही थेट करंट असतो. शिवाय या गाडीची पेट्रोलची टाकी त्याच डिकीत, तुमच्या हाताखालीच आहे. पान्याची एक ठिणगी पुरे! पेट्रोलचा वास येत असेल तर आधी ती गळती काढा, मीटर नंतर.

मग वायरिंगचे मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून खूण करा. केबलचा नट हाताने फिरवा, बल्बचे होल्डर ओढून काढा, दोन स्क्रू सोडा. मीटर केबिनच्या बाजूने बाहेर येतो. वायरला धरून कधीही ओढू नका, जुनं इन्सुलेशन लगेच तडकतं.

काटा नुसता थरथरत असेल तर मीटरपेक्षा केबलवर संशय घ्या. ती डाव्या पुढच्या चाकातून येते. ग्रीस लावताना केबलचा मीटरकडचा चार बोटांइतका भाग कोरडा ठेवा, नाहीतर ते मीटरमध्ये चढतं.